मास्तरांचं व्होल्टेज

टायपिंगच्या मास्तरांनी उभ्या आयुष्यात कीबोर्डकडे बघितलं नव्हतं. लोकांना हे ऐकून खोटं वाटायचं. पण कीबोर्डवरची धूळ पुसायची असली तरी मास्तर मान ताठ ठेवून, नजर समोरच्या भिंतीवर रोखून पुसत. अक्षरं कुठे आहेत ते बोटांना ठाऊक असतं, डोळ्यांनी त्यात लुडबुड करू नये, हा त्यांचा पहिला नियम. दुसरा नियम, एका वेळी एकच बटण. दाबा, उचला, पुढचं दाबा. जुन्या मशिनवर दोन बटणं एकदम दाबली की आतल्या दोन काड्या एकमेकींच्या झिंज्या धरल्यासारख्या अडकायच्या आणि त्या सोडवायला मास्तरांना यावं लागायचं. ते येताना पट्टी घेऊन येत. तिसरा नियम, समोरच्या कागदावर जे आहे तेच टाईप करायचं, त्यात स्वतःची अक्कल घालायची नाही. पुढे मशिनं भंगारात गेली, घराच्या पुढच्या खोलीत त्यांच्या जागी चार कॉम्प्युटर आले, पण नियम जिथल्या तिथे राहिले.

आणि राहिली ती मास्तरांची खुर्ची. उंच पाठीची, उंच पायांची, खोलीच्या टोकाला जरा सिंहासनासारखी मांडलेली. नव्या तुकडीच्या पहिल्या दिवशी मास्तर तिच्या पाठीवर हात ठेवून सांगत, "या खोलीत माझ्यापेक्षा वेगानं आणि बिनचूक जो कोणी टाईप करेल, त्यानं खुशाल इथे बसावं. मी उठेन." तुकड्यांमागून तुकड्या आल्या आणि नोकरीला लागून गेल्या. खुर्चीत मास्तर सोडून कोणी बसलं नाही. मास्तरीणबाईंनीही कधी बसून पाहिलं नाही. त्यांना तेवढा वेळ कुठला. घरचं सगळं आटपून मुलांना द्यायचे सरावाचे उतारे रोज त्याच टाईप करत. पूर्वी मास्तर ते तपासून बघत. पण तपासण्यासारखं काही सापडायचं नाही, म्हणून त्यांनी ते कधीचंच सोडून दिलं होतं.

अशा या मास्तरांना मंडळानं परीक्षेला बसवलं.

मंडळ म्हणजे टायपिंगच्या संस्थांना मान्यता देणारं मंडळ. त्यांनी नवा नियम काढला. प्रत्येक संस्थेच्या निदेशकानं मंडळाच्या वेबसाइटवर स्वतः वेगचाचणी द्यायची आणि निकालाचा स्क्रीनशॉट, म्हणजे स्क्रीनवर जे दिसतंय त्याचं जसंच्या तसं चित्र, अर्जाला जोडून पाठवायचं. महिनाअखेरीपर्यंत अर्ज गेला नाही तर मान्यता संपली. मान्यता संपली की मुलांचे परीक्षेचे अर्ज या संस्थेतून जाणार नाहीत, आणि मुलं उठून कोपऱ्यावरच्या 'सुपरफास्ट' नावाच्या संस्थेत जातील. त्या सुपरफास्टचा मालक दोन बोटांनी टाईप करायचा. त्यातही बघून. त्याला मान्यता केव्हाच मिळाली होती, आणि ही गोष्ट मास्तरांना जेवताना आठवली तर त्यांचा घास तोंडातच फिरत राहायचा.

चाचणीची मास्तरांना चिंता नव्हती. राग होता. "माझी परीक्षा घेणारे हे कोण? यांच्या अर्ध्या कारकुनांना मी शिकवलंय," असं म्हणत त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, खुर्ची कॉम्प्युटरपुढे ओढली, मान ताठ केली आणि सुरुवात केली. उतारा पाण्याच्या काटकसरीवर होता. मास्तरांची बोटं अशी चालली की मास्तरीणबाईंनी आतून विचारलं, नळ चालू राहिलाय का. वेळ संपली, निकाल आला. वेग झकास, चुका शून्य. मास्तर मागे रेलले. "अगं, जरा इकडे ये," त्यांनी हाक मारली, "बघ, म्हातारा अजून संपलेला नाही." मास्तरीणबाई हात पुसत बाहेर आल्या तोवर निकाल गेला होता आणि स्क्रीनवर 'धन्यवाद, पुन्हा लॉगिन करा' एवढंच उरलं होतं.

मास्तरांनी मंडळाच्या हेल्पलाइनला फोन लावला.

"मॅडम, मी चाचणी दिली. निकाल लागला आणि गेला."

"हो सर, तुमचा निकाल मला इथे दिसतोय. फारच छान आहे, अभिनंदन."

"मग झालं तर."

"स्क्रीनशॉट जोडा सर."

"अहो, पण निकाल तुम्हाला दिसतोय ना?"

"मला दिसतोय सर. अर्जाला दिसत नाही."

पलीकडची बाई मनानं चांगली होती. ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "चाचणी कितीही वेळा देता येते सर. निकाल थोडाच वेळ राहतो, तेवढ्यात स्क्रीनशॉट घ्या."

मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला होती. मास्तरांनी तिला फोन केला. तसे ते कुणाला काही विचारत नसत, पण मुलीला विचारणं म्हणजे परक्याला विचारणं नव्हे, असं त्यांनी स्वतःला पटवलं.

"सोपं आहे बाबा," ती म्हणाली. "डावीकडे खाली चार खिडक्यांचं चिन्ह आहे ना, ते विंडोजचं बटण. आणि उजवीकडे वर प्रिंट स्क्रीन. दोन्ही एकदम दाबायची. बस."

"एकदम?"

"हो, एकदम."

मास्तरांनी फोन खाली ठेवला. ही मुलगी त्यांच्या हाताखाली शिकली होती. तिच्या बोटांवरही पट्टी बसली होती. तिनं बापाला दोन बटणं एकदम दाबायला सांगावं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. नव्या पिढीला घाई फार, म्हणून बोलून गेली असेल, असं म्हणून त्यांनी तिला मनातल्या मनात माफ केलं आणि पुन्हा चाचणीला बसले. या वेळी उतारा रस्त्यावरच्या शिस्तीचा होता. पुन्हा चुका शून्य. निकाल येताच मास्तरांनी विंडोजचं बटण दाबलं, रीतसर उचललं, आणि मग प्रिंट स्क्रीन दाबलं. पहिल्या बटणासरशी एक भली मोठी पाटी उघडून निकालावर येऊन बसली. ती कशी हटवायची ते कळेपर्यंत निकाल तिच्या आडून निघून गेला.

तोवर शेजारच्या साहेबांना वास लागला होता. साहेब बँकेतून निवृत्त झाले होते आणि गल्लीत त्यांना 'तज्ज्ञ' म्हणत. ही पदवी त्यांना लोकांनी थट्टेनं दिली होती. त्यांनी ती मनापासून घेतली होती.

"इतकी वर्षं बँकेत काय केलं मी?" आत येत तज्ज्ञ म्हणाले. "मोबाइल काढा आणि सरळ स्क्रीनचा फोटो घ्या. चित्र ते चित्र."

मास्तरांना हे पटलं, कारण यात एकच बटण दाबायचं होतं. तिसरी चाचणी झाली, फोटो निघाला, अर्जाला जोडला गेला, आणि दुसऱ्या दिवशी परत आला. हेल्पलाइनच्या बाईनं ओळखीच्या आवाजात सांगितलं, "सर, हा स्क्रीनशॉट नाही, स्क्रीनचा फोटो आहे."

"तुम्हाला कसं कळलं?"

"सर, त्यातल्या काचेत तुम्ही दिसताय." ती जरा थांबली. "बनियनवर."

पहिल्या दिवशीचा इस्त्रीचा शर्ट तिसऱ्या चाचणीपर्यंत उतरला होता हे खरं. पण संस्थेच्या निदेशकाचा बनियन मंडळाच्या कॉम्प्युटरवर पोहोचावा, ही गोष्ट मास्तरांना दोन दिवस पुरली. त्या दोन दिवसांत त्यांनी तज्ज्ञांना चहा विचारला नाही. तरी तज्ज्ञ आलेच, आणि काखेत घरचा प्रिंटर घेऊन आले.

"चूक माझीच," ते उदारपणे म्हणाले. "मी त्या बटणाचं नावच नीट वाचलं नव्हतं. प्रिंट स्क्रीन. प्रिंट. म्हणजे कागद येणार. त्याला प्रिंटर नको का?"

प्रिंटर जोडला. कागद भरले. मास्तरांनी चाचणी दिली, निकाल आला, मास्तरांनी ते एकच बटण दाबलं, आणि दोघं जण प्रिंटरच्या तोंडाकडे बघत बसले. प्रिंटरनं हूं की चूं केलं नाही. तज्ज्ञांनी त्याला दोनदा थोपटलं आणि एकदा मागून फुंकर मारली. "बँकेतला होता तो चांगला होता," असं शेवटी ते म्हणाले आणि कागद तेवढे परत घेऊन गेले. प्रिंटर जड होता म्हणून राहू दिला.

मास्तरीणबाई इतका वेळ दारात बसून मटार सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, एक सांगू का? शिफ्ट धरता ना तुम्ही? करंगळीनं शिफ्ट धरून दुसऱ्या हातानं अक्षर दाबता. तसंच ते धरा."

मास्तर काहीतरी ठणकावणार होते, इतक्यात त्यांची करंगळी शिफ्टवर गेली. शिफ्ट ते रोजच धरत आले होते. "शिफ्टची गोष्ट वेगळी," एवढं मात्र ते म्हणाले. मास्तरीणबाईंनी "बरं" म्हटलं आणि मटार सोलू लागल्या. थोड्या वेळानं मास्तर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, की तत्त्वतः पाहिलं तर शिफ्ट हेदेखील बटणच आहे.

आता खरी पंचाईत पुढे आली. अक्षरं बोटांना ठाऊक होती, पण हे प्रिंट स्क्रीन आतापर्यंत त्यांनी चाचपडतच दाबलं होतं, आणि एक हात अडकल्यावर ते बोटांना सापडेना. म्हणजे बघावं लागणार. मास्तरांनी मास्तरीणबाईंना आतलं दूध बघायला पाठवलं, पुढचं दार लावून घेतलं, खिडकीचा पडदा ओढला आणि आयुष्यात पहिल्यांदा कीबोर्डकडे नजर टाकली. तो त्यांना बराच लहान वाटला.

मुलीनं दरम्यान फोनवर लिहूनही पाठवलं होतं, 'विंडोज + प्रिंट स्क्रीन'. मास्तरांनी तो मोबाइल कॉम्प्युटरला टेकवून उभा केला आणि तिसऱ्या नियमाप्रमाणे जे लिहिलंय तेच केलं. निकाल येताच विंडोज धरलं, धरूनच अधिकच्या चिन्हाचं बटण दाबलं, आणि स्क्रीनवर कसलंसं भिंग उघडून सगळी अक्षरं फुगली. चुकांच्या रकान्यातलं शून्य टोपलीएवढं झालं. मास्तर मागे सरकले. शून्य इतकं मोठं झाल्याचं त्यांना समाधान वाटलं, पण त्याच्या आजूबाजूचा निकाल स्क्रीनबाहेर गेला होता.

"दूध उतू गेलं नाही, कारण गॅसवर दूध नव्हतंच," आतून येत मास्तरीणबाई म्हणाल्या. मग मोबाइल बघून म्हणाल्या, "अहो, ते अधिक दाबायचं नसतं. दोन्ही मिळून, असं म्हणतेय ती."

"मग तसं लिहायचं," मास्तर म्हणाले. "मी तिला असं अर्धवट लिहायला शिकवलेलं नाही."

पुढच्या चाचणीला मास्तर सगळ्या तयारीनिशी बसले. उतारा संपला, निकाल आला, डाव्या हातानं विंडोज धरलं, उजव्या हातानं प्रिंट स्क्रीन दाबलं. आणि स्क्रीन मंद झाली. क्षणभरच. डोळा मिटून उघडावा तशी काळवंडली आणि पुन्हा उजळली.

मास्तर ताडकन उठले. "व्होल्टेज," ते म्हणाले. "व्होल्टेज कमी झालं. जळेल सगळं." त्यांनी कॉम्प्युटर घाईघाईनं, पण रीतसर बंद केला, प्लग उपसून काढला आणि वायरमनला बोलावणं धाडलं.

वायरमन आला. आला तो भिंतीला कान लावूनच उभा राहिला. "वायरिंग जुनं झालंय मास्तर," असं त्यानं निदान केलं. ते कुठल्याही घरात खरं ठरतं. त्यानं एक बोर्ड उघडला, मग त्याच्या मागची भिंत उघडली, मग त्या भिंतीतून निघालेली वायरची पट्टी थेट छतापर्यंत उघडली. चार मुलं आपापले कॉम्प्युटर फडक्यानं झाकून प्लास्टर पडताना बघत बसली. नवी वायर पडली. मास्तरांनी चाचणी दिली, चुका शून्य, दोन बटणं दाबली, स्क्रीन मंद झाली.

"बघितलंत?" मास्तर म्हणाले.

"बघितलं," वायरमन गंभीरपणे म्हणाला, आणि स्टॅबिलायझर आणायला गेला. स्टॅबिलायझर लागला. त्याची घरघर अशी होती की मुलांना उतारा वाचून दाखवताना ओरडावं लागे. मास्तरांनी चाचणी दिली. स्क्रीन मंद झाली. मजा अशी, की दिवसभर मुलं टाईप करत तेव्हा काही व्हायचं नाही. मास्तरांचा निकाल आला की व्होल्टेज पडायचं.

"हे घरातलं नाही," वायरमननं शेवटी हात टेकले. "हे बाहेरून येतंय."

तज्ज्ञांना याचीच वाट होती. त्यांनी वीज कार्यालयाला खरमरीत तक्रार लिहिली, खाली गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या, आणि ज्यांनी विचारलं सही कशाची, त्यांना सांगितलं की चांगल्या कामाची. वीज कार्यालयातून एक साहेब आले. त्यांनी मीटर बघितलं, खांब बघितला, मास्तरांकडे बघितलं.

"मीटर ठीक आहे. मंद होतं म्हणता, त्याला पुरावा काय?"

"माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"डोळे अर्जाला जोडता येत नाहीत काका. मंद झालेल्या स्क्रीनचा स्क्रीनशॉट असेल तर द्या."

मास्तर आत जाऊन पाणी प्यायले. त्यांनी संताप गिळला असं त्यांना स्वतःला वाटलं, पण पेला ठेवल्याचा आवाज बाहेर ऐकू आला. वीज कार्यालयाचे साहेब भले गृहस्थ असावेत. वयाचा मान म्हणून त्यांनी पूर्ण गल्लीची लाइन तपासायचा हुकूम दिला आणि तपासायची म्हणून दिवसभर बंद ठेवली. कुणाची गिरणी पीठ अर्धं दळून थांबली, कुणाचे कपडे मशिनमध्ये साबणाच्या पाण्यात अडकले, दातांच्या डॉक्टरांकडचा एक पेशंट तोंड उघडं ठेवून घरी गेला. सह्या आपणच केल्या होत्या हे कुणालाच आठवेना. संध्याकाळी दुधासाठी निघालेल्या मास्तरांना तिघांनी थांबवून विचारलं, की मास्तर, टायपिंगला इतकी वीज लागते का?

लाइन परत आली ती दुसऱ्या दिवशी दुपारी, मास्तर नेहमीची डुलकी घेत असताना. उठले आणि पुन्हा चाचणीला बसले. स्क्रीन मंद झाली. या वेळी ते उठले नाहीत, वायरमनलाही बोलावलं नाही. महिनाअखेर दुसऱ्याच दिवशी होती. त्यांनी प्लग काढला आणि खुर्चीतच बसून राहिले. खुर्चीच्या हातांवरची बोटं नुसतीच हलत होती. मास्तरीणबाईंनी बघितलं, त्यांना कळलं, की ते खुर्चीच्या हातावर मुलांची नावं टाईप करताहेत. ही मुलं सुपरफास्टच्या दारात उभी राहणार, आणि तिथे त्यांना कीबोर्डकडे बघायला शिकवणार.

"चाचणी मी नापास झालो असतो तर गोष्ट वेगळी होती," मास्तर म्हणाले. "मी रोज पास होतोय गं. आणि दाखवायला काही नाही."

मास्तरीणबाईंनी मुलीला फोन लावला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. भिंत सांगितली, स्टॅबिलायझर सांगितला, खांब सांगितला. पलीकडून फोन तोंडापासून लांब धरल्यासारखा आवाज आला.

"ऐकतेयस ना?"

"ऐकतेय." मुलीचा आवाज चमत्कारिक येत होता. "आई, बाबांना फोन दे. बाबा, स्क्रीन क्षणभर काळपट होते आणि लगेच पहिल्यासारखी होते ना?"

"तेच तर सांगतोय."

"बाबा, तसं झालं म्हणजेच चित्र निघालं. कॉम्प्युटरची ती सांगायची रीत आहे. घेतलं, असं सांगतोय तो. आणि तिथेच साठवूनही ठेवतो. पिक्चर्स नावाचा फोल्डर उघडा, त्यात स्क्रीनशॉट्स नावाचा आणखी एक असेल."

मास्तरांनी दोन्ही नावं कागदावर लिहून घेतली, प्लग मात्र सकाळीच लावायचं ठरवलं. सकाळी तुकडी आली, तज्ज्ञ आले, वायरमन राहिलेलं प्लास्टर लावायला आला होता, तोही हातातली थापी घेऊन उभा राहिला. मास्तरांनी फोल्डर उघडला. आणि स्क्रीन मंद झालेल्या प्रत्येक वेळचा निकाल ओळीनं समोर आला. एकही हरवला नव्हता. पहिल्यांदा प्लग काढला तेव्हाचा होता, नव्या वायरचा होता, स्टॅबिलायझरचा होता, खांबानंतरचा होता. सगळीकडे चुका शून्य. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर ताठ झाले. मागच्या भिंतीत छतापर्यंत गेलेल्या खाचेकडे मात्र त्यांनी पाठच ठेवली.

"म्हणजे व्होल्टेज..." वायरमननं सुरुवात केली.

"तुमचं काम चालू द्या," मास्तर म्हणाले.

"आता यातला सगळ्यात जास्त वेगाचा लावा," तज्ज्ञ पुढे वाकून म्हणाले. "हा बघा. हा तर कमाल आहे मास्तर."

मास्तरांनी तो उघडला. चुका शून्य होत्या. वेग बाकी सगळ्यांपेक्षा जास्त होता, थोडाथोडका नाही. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. आपण इतक्या वेगानं टाईप केलं तर आपल्याला आठवायला हवं होतं. मग त्यांची नजर निकालावरच्या तारखेवर गेली, तिच्याखालच्या वेळेवर गेली. लाइन परत आली ती दुपार. त्या वेळी ते आतल्या खोलीत घोरत होते.

स्टॅबिलायझर तेवढा घरघरत होता.

"तो माझा," दारातून मास्तरीणबाई म्हणाल्या. "वीज आली का बघायला कॉम्प्युटर लावला होता. तुमचं लॉगिन बघून बघून पाठ झालंच होतं. म्हटलं, जमतंय का बघावं."

"आणि ही दोन बटणं?"

"तुम्ही दर वेळी शेवटी ती दाबत होतात, म्हणून मीही दाबली. मला वाटलं, ते त्यातच असतं."

"स्क्रीन मंद झाली नाही?"

"झाली की. मी म्हटलं, झालं असेल काम. भाजी टाकायची होती."

मास्तरांना तिनं टाईप केलेले सरावाचे उतारे आठवले. किती वर्षं तपासूनही त्यांत त्यांना काही सापडलं नव्हतं. आपण तपासणं का सोडलं हे त्यांना ठाऊक होतं. मुलांतल्या एकीनं, जिला गप्प बसायची सवय नव्हती, खुर्चीकडे बघितलं. मग सगळ्यांनीच खुर्चीकडे बघितलं. पहिल्या दिवसाचं वाक्य तिथे हजर असलेल्या प्रत्येकाला पाठ होतं.

"अहो, तोच लावून टाका," तज्ज्ञ कुजबुजले. "निकालावर संस्थेचा नंबर आहे, नाव कुणाचंच नाही. मंडळाला काय कळतंय?"

"मला कळतंय," मास्तर म्हणाले. त्यांनी स्वतःचा निकाल निवडला, स्टॅबिलायझरच्या दिवसाचा, आणि अर्जाला जोडला. अर्ज पुढे सरकला. पुढच्या पानावर 'सहायक निदेशक असल्यास' असा रकाना होता. तिथे मास्तर दर वर्षी 'लागू नाही' लिहीत, आणि या वर्षीही बोटांनी सवयीनं ते लिहून टाकलं होतं. मास्तरांनी ते पुसलं. मास्तरीणबाईंचं पूर्ण नाव लिहिलं. ते लिहिताना त्यांनी कीबोर्डकडे बघितलं नाही, पण समोरच्या भिंतीकडेही बघितलं नाही. ते दाराकडे बघत होते.

"ये," ते म्हणाले आणि उठले. "सहायकालाही वेगळी चाचणी द्यावी लागते. बस इथे."

"त्या खुर्चीत? अहो, माझे पाय टेकायचे नाहीत तिच्यावरून."

"टेकतील. बस म्हणतो ना."

मास्तरीणबाई बसल्या. पाय खरंच टेकत नव्हते. एका मुलीनं त्यांच्या पायांखाली तज्ज्ञांचा प्रिंटर सरकवला आणि तज्ज्ञांनी त्याला हरकत घेतली नाही. उतारा सुरू झाला. मास्तर मागे उभे होते. त्यांना हात दिसत होते, आणि इतक्या वर्षांत हे हात टाईप करताना आपण कधी उभं राहून बघितलेच नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी चष्मा पुन्हा पुसला आणि दोष प्लास्टरच्या धुळीला दिला. निकाल आला. मास्तरीणबाई हात पुढे करणार तोच मास्तर म्हणाले, "थांब, हे मी करतो." त्यांनी वाकून कीबोर्डकडे सरळ सगळ्यांदेखत बघितलं, एका हातानं विंडोज धरलं आणि दुसऱ्या हातानं प्रिंट स्क्रीन दाबलं. दोन्ही एकदम. स्क्रीन मंद झाली, उजळली. कोणीही प्लग काढला नाही.

मान्यता आली. सुतार येऊन खुर्चीचे पाय चार बोटं कापून गेला. आता मास्तर मुलांच्या बाकावर बसतात, आणि नव्या तुकडीतलं कोणी विचारलं, की सर, बाई खरंच तुमच्यापेक्षा वेगानं टाईप करतात का, तर ते पट्टी टेबलावर ठेवून अगदी शांतपणे सांगतात, की तसं काही नाही, त्या दिवसांत आमच्याकडे व्होल्टेज फार कमी होतं.